घोड्याचा रंग कसा वाचावा?

माणसाला त्याचे नाव विचारता येते. घोड्याची ओळख मात्र त्याच्या रंगावरून पटवावी लागते. म्हणूनच ज्या ज्या देशात घोडे पाळले गेले, त्या त्या देशात त्यांच्या रंगांना नेमकी नावे मिळाली. अंगावर दोन रंगांचे मोठाले पट्टे असलेल्या घोड्यास मराठीत अबलख म्हणतात, तर चारही पाय आणि मुख पांढरे असलेल्या घोड्यास पंचकल्याणी म्हणतात. नंदुरबार जिल्ह्यात तापी नदीच्या तीरावर सारंगखेडा येथे दत्तजयंतीच्या सुमारास घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तेथे सौदा ठरण्यापूर्वी घोड्याचा रंग आणि अंगावरील खुणा जाणती माणसे बारकाईने पाहतात.

अबलख शिंगरू मोठे झाले तरी अबलखच राहते. एकदा दिलेले नाव त्याला जन्मभर पुरते. परंतु सर्वच घोड्यांचे असे नसते. काही घोडे जन्मतात एका रंगाचे आणि प्रौढ होतात निराळ्याच रंगाचे. त्यांच्या अंगावर वर्षानुवर्षे पांढरे केस उगवत जातात आणि शेवटी मूळ रंगाची केवळ काही चिन्हे मागे उरतात. अशा घोड्यांमुळे पारखी माणसांचीही पुष्कळदा फसगत होते. रंग बदलणाऱ्या या घोड्यांपैकी उत्तर अमेरिकेतील ठिपक्यांचे घोडे विशेष प्रसिद्ध आहेत. त्यांचा रंग वाचणे ही एक विद्याच आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या वायव्य भागात पलूस नावाची नदी वाहते. तिच्या आसपासच्या गवताळ टेकड्यांच्या प्रदेशात आणि त्याच्या दक्षिणेकडील खोऱ्यांत निमीपू या मूळ रहिवाशांची वस्ती होती. बाहेरचे लोक त्यांना ‘नेझ पर्स’ या नावाने ओळखतात. अठराव्या शतकात या लोकांकडे घोडे आले आणि थोड्याच काळात ते कुशल अश्वपालक म्हणून नावारूपास आले. उत्तम नर तेवढे पैदाशीसाठी राखावेत, बाकीचे खच्ची करावेत, असा त्यांचा परिपाठ होता. मेरिवेदर लुइस हा अमेरिकन प्रवासी या भागातून गेला होता. १५ फेब्रुवारी १८०६ रोजी त्याने आपल्या रोजनिशीत त्या प्रदेशातील घोड्यांची मोठी वाखाणणी केली, आणि त्यांपैकी काहींच्या अंगावर गडद रंगात मिसळलेले पांढरे ठिपके असल्याचेही नमूद केले. पलूस नदीवरूनच पुढे या ठिपक्यांच्या घोड्यांना ‘ॲपलूसा’ हे नाव पडले, असे मानले जाते.

या घोड्यांवर आणि त्यांच्या धन्यांवर पुढे मोठा प्रसंग ओढवला. निमीपूंच्या भूमीत सोने सापडल्यावर तेथे बाहेरच्या लोकांची रीघ लागली. १८६३ सालच्या कराराने त्यांच्या भूमीचा फार मोठा भाग काढून घेण्यात आला. तो करार मान्य नसलेल्या टोळ्यांना १८७७ साली आपली खोरी सोडून जाण्याचा हुकूम झाला आणि त्यातून युद्ध पेटले. बायका, मुले आणि वृद्ध यांच्यासह सुमारे आठशे माणसे आपले घोडे घेऊन कॅनडाच्या दिशेने निघाली. डोंगर आणि नद्या ओलांडीत, मागे लागलेल्या सैन्याशी झुंज देत त्यांनी सुमारे १,९०० किलोमीटरांची वाट तुडवली. सरहद्द अवघी पासष्ट किलोमीटरांच्या आसपास उरली असता बेअर पॉ पर्वताजवळ त्यांना घेरण्यात आले. ५ ऑक्टोबर १८७७ रोजी त्यांचा पुढारी जोसेफ याने शस्त्र खाली ठेवले. लोकांना दूरच्या प्रदेशात नेण्यात आले आणि हजाराहून अधिक घोडे सैन्याच्या ताब्यात गेले.

निमीपूंच्या कळपांतील सर्वच घोडे ठिपक्यांचे नव्हते. परंतु जे होते, तेही या धामधुमीत विखुरले. त्यांचा इतर जातींच्या घोड्यांशी संकर होत गेला. पुढे १९३८ साली या घोड्यांची नोंदणी आणि जतन करण्यासाठी ‘ॲपलूसा हॉर्स क्लब’ ही संस्था स्थापन झाली. तेव्हापासून एक प्रश्न वारंवार पुढे येऊ लागला : अमुक एक घोडा खरोखर त्या ठिपक्यांच्या वंशाची खूण अंगावर बाळगतो की नाही? अंगभर ठिपके असतील तर उत्तर सोपे असते. परंतु ज्याच्या अंगावर ठिपका एकही नाही, नुसते पांढरे आणि गडद केस एकमेकांत मिसळलेले आहेत, अशा घोड्याचे काय करावे?

समजा, एका घोडीला काळेभोर शिंगरू झाले. त्याच्या नोंदणीच्या कागदावर ‘रंग काळा’ असे लिहिले गेले. आठ-दहा वर्षांनी तोच घोडा विक्रीसाठी उभा राहिला तेव्हा त्याचे अंग राखेसारखे पांढुरके झालेले होते. कागद एक सांगतो आणि डोळ्यांना दुसरेच दिसते. घेणाऱ्याला वाटते, घोडा बदलला. विकणाऱ्याला वाटते, आपल्यावर उगीच संशय घेतला जातो. दोघेही प्रामाणिक असू शकतात. येथे न्याय करावयाचा तर पांढरे केस किती आहेत एवढेच पाहून भागत नाही. ते कसे आले आणि कोठे आले नाहीत, हे पाहावे लागते.

घोड्याच्या गडद अंगावर पांढरे केस मिसळण्याच्या तीन प्रमुख रीती आहेत. तिन्ही दुरून सारख्याच दिसतात. त्या एकेक करून समजावून घेतल्या पाहिजेत.

पहिली रीत म्हणजे ‘रोन’. रोन घोड्याच्या धडावर पांढरे आणि रंगीत केस अगदी सारखे मिसळलेले असतात. जणू कोणी तीळ आणि तांदूळ एकत्र करून पसरले आहेत. मूळ रंग काळा असेल तर हे मिश्रण निळसर दिसते. तांबूस असेल तर गुलाबीसर दिसते. परंतु या घोड्याचे डोके, आयाळ, शेपटी आणि पायांचा खालचा भाग मात्र मूळ रंगाचाच राहतो. धड तेवढे पांढुरके आणि मुख गडद, असा हा थाट असतो. रोन शिंगराचा रंग जन्मतःच दिसतो, किंवा जन्माच्या वेळचे मऊ केस झडले की प्रकट होतो. ऋतूप्रमाणे त्याची छटा थोडी फिकी किंवा गडद होते. पण वय वाढले म्हणून पांढरे केस वाढत जात नाहीत. तीन वर्षांचा रोन घोडा तेराव्या वर्षीही बहुतेक तसाच दिसतो.

दुसरी रीत ठिपक्यांच्या घोड्यांच्या वंशातच आढळते. तिला ‘व्हार्निश रोन’ असे म्हणतात. नावात रोन हा शब्द असला तरी हा प्रकार अगदी वेगळा आहे. व्हार्निश रोन होणारे शिंगरू पुष्कळदा एकरंगी जन्मते. कधी त्याच्या पुठ्ठ्यावर पांढरी झूल घातल्यासारखा पट्टा असतो. पुढे दरवर्षी केस झडून नवे येताना त्यांत पांढऱ्या केसांची भर पडत जाते. पाठ, मान, कुशी सर्व हळूहळू फिकट होतात. परंतु जेथे कातडीखाली हाड वर आलेले असते, तेथे मूळ रंग टिकून राहतो. नाकाचे लांब हाड, गालाची हाडे, खांद्याचा उंचवटा, कोपर, गुडघे आणि कमरेच्या दोन्ही बाजूंची हाडे, एवढ्या जागा गडद राहतात. दुरून पाहिले तर कोणी कोळशाने घोड्याच्या सांगाड्याची खूण काढून ठेवली आहे, असा भास होतो.

तिसरी रीत करड्या घोड्यांची. करडा घोडा कोणत्याही रंगाचा जन्मतो आणि वयाबरोबर पांढरा होत जातो. पुष्कळदा त्याच्या डोळ्यांभोवती प्रथम पांढरे केस दिसू लागतात. मुख लवकर पांढरे पडते. अंगावर काही काळ गोल गोल छटा उमटतात. आणि शेवटी आयाळ-शेपटीसह सारा घोडा शुभ्र होतो. मात्र त्या शुभ्र केसांखालची कातडी बहुधा काळीच असते. हा प्रकार अनेक जातींत आढळतो. ठिपक्यांच्या वंशातील घोड्यालाही करडेपणाचा वारसा मिळाला, तर त्याचे ठिपकेदेखील काही वर्षांत पुसट होऊन नाहीसे होतात.

या तिन्हींची गल्लत होऊ नये म्हणून पारखी माणसे काही ठरावीक क्रमाने घोडा पाहतात. त्यांची नजर पांढऱ्या भागावर फार वेळ रेंगाळत नाही. पांढरेपणा तिघांतही आहे. भेद आहे तो गडद राहिलेल्या जागांत.

प्रथम ते मुखाकडे पाहतात. अंग पांढुरके आणि मुख पूर्णपणे गडद असेल, तर तो बहुधा रोन. मुखावर पांढरे केस आहेत, परंतु नाकाच्या हाडावर आणि गालांच्या हाडांवर गडद पट्टे राहिले आहेत, तर तो बहुधा व्हार्निश रोन. मुखच अंगाआधी पांढरे पडले असेल, तर तो बहुधा करडा. ही एकच कसोटी नीट लावली तरी पुष्कळ चुका टळतात.

त्यानंतर हाडांच्या उंचवट्यांची पाळी येते. कमरेच्या हाडावर व कोपरावर गडद डाग आहेत का, हे पाहावयाचे. रोन घोड्याच्या धडावर असे डाग हाडांच्या रेषेने उमटत नाहीत. त्याच्या अंगावर गडद खुणा असतातच. पण त्यांचे कारण निराळे असते. रोन घोड्याला कोठे खरचटले किंवा जखम झाली, तर ती भरल्यावर त्या जागी पुष्कळदा एकजात गडद केस उगवतात. झुडपाचा ओरखडा, दुसऱ्या घोड्याचा चावा, अशा लहानमोठ्या अपघातांची नोंद त्याच्या कातडीवर राहते. म्हणून गडद डाग दिसला की तो हाडावर आहे की भलत्याच ठिकाणी आहे, आणि शरीराच्या दोन्ही बाजूंना सारखा आहे की एकाच बाजूला आहे, हे विचारले पाहिजे. हाडे दोन्ही बाजूंना सारखी असतात; ओरखडे तसे नसतात.

तिसरी कसोटी कातडीची, डोळ्यांची आणि खुरांची. ठिपक्यांच्या वंशाची खूण अंगावर बाळगणाऱ्या घोड्याच्या नाकाओठांभोवती आणि डोळ्यांभोवती कातडीवर गुलाबी व गडद रंगांची बारीक चित्तरकथा दिसते. त्याच्या बुबुळाभोवतीचा पांढरा भाग माणसाच्या डोळ्यातल्यासारखा सहज नजरेस पडतो. खुरांवर वरून खाली उतरणारे फिकट आणि गडद पट्टे असतात. साध्या रोन घोड्यात किंवा साध्या करड्या घोड्यात ही तीन लक्षणे एकत्र आढळत नाहीत. ॲपलूसा घोड्यांच्या नोंदणीतही या लक्षणांना मोठे महत्त्व आहे. अंगावर ओळखू येणारी नक्षी नसली, तरी चित्रविचित्र कातडी आणि तिच्या जोडीला आणखी एक लक्षण असेल, तर त्या घोड्याचा विचार होतो.

येथेही सावध राहणे बरे. ज्या घोड्याच्या मुखावर मोठा पांढरा पट्टा असतो, त्याच्या डोळ्यातही पांढरा भाग दिसू शकतो. मग तो कोणत्याही वंशाचा असो. ज्याचा पाय पांढरा, त्याचा खूरही फिकट किंवा पट्टेदार असू शकतो. म्हणून खुराची साक्ष घ्यावयाची ती गडद पायाखालच्या खुराची घ्यावी. एका लक्षणावर निकाल देऊ नये. दोन-तीन लक्षणे एकमेकांना दुजोरा देतात की नाही, हे पाहावे.

चौथी कसोटी काळाची. ती सर्वांत खात्रीची आणि सर्वांत संथ असते. याच घोड्याचे दोन वर्षांपूर्वीचे, पाच वर्षांपूर्वीचे छायाचित्र मिळाले, तर रोन आणि व्हार्निश रोन यांतील भेद आपोआप उघड होतो. एक होता तसाच राहिलेला असतो. दुसरा दरवर्षी थोडा थोडा पालटत आलेला असतो. ज्या मोतद्दाराने शिंगराला लहानपणापासून खरारा केला, त्याला हा पालट आठवतो. म्हणूनच जाणते अश्वपालक शिंगराचा रंग एकदाच नोंदवून थांबत नाहीत. जन्माच्या वेळी, पहिले केस झडल्यावर आणि पुढेही ठरावीक अंतराने घोड्याच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून त्यांवर तारीख घालतात. अशी नोंद असती, तर मघाच्या काळ्या शिंगराविषयी वाद उद्भवलाच नसता.

कधी कधी दोन रीती एकाच घोड्यात एकत्र येतात. आईकडून रोन रंग आणि बापाकडून ठिपक्यांचा वंश, असा दुहेरी वारसा मिळालेले शिंगरू जन्मतःच रोन असते आणि पुढे वयाबरोबर आणखी पांढरेही होत जाते. काही घोड्यांत पांढरे केस केवळ कुशीत आणि शेपटीच्या मुळाशी असतात. तो आणखी वेगळाच प्रकार. अशा वेळी डोळ्यांच्या कसोट्या अपुऱ्या पडतात. मग आयाळीचे काही केस मुळांसकट उपटून प्रयोगशाळेत पाठवले जातात. केसाच्या मुळाशी असलेल्या पेशींवरून घोड्याचा जनुकीय वारसा तपासता येतो.

हा सारा खटाटोप केवळ नावाच्या हौसेसाठी आहे, असे कोणास वाटेल. तसे नाही. रंगाच्या या विद्येशी घोड्याचे सुखदुःख जोडलेले आहे.

ठिपक्यांच्या वंशाचे मूळ एका जनुकात आहे. प्रत्येक शिंगराला प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते. ठिपक्यांच्या जनुकाची एकच प्रत मिळाली, तर पांढऱ्या भागावर गडद ठिपके भरपूर उमटतात. दोन्ही प्रती मिळाल्या, तर त्या पांढऱ्या भागात ठिपके अगदी थोडे असतात किंवा नसतातच. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून असे दिसून आले, की दोन्ही प्रती असलेल्या घोड्यांना जन्मापासून रातांधळेपणा असतो. २०१३ साली यामागचा नेमका जनुकीय बदलही सापडला. या जनुकाचे काम कातडीच्या रंगाशी निगडित आहे, तसेच डोळ्याशीही आहे. अंधूक प्रकाश टिपणाऱ्या डोळ्यातील पेशी आपले काम करतात. परंतु त्यांचा निरोप पुढच्या पेशींपर्यंत पोहोचत नाही. म्हणून दिवसा अशा घोड्याला इतरांप्रमाणे दिसते, पण सांज होताच त्याच्यापुढे काळोख दाटतो. हा दोष वयाबरोबर वाढत नाही आणि औषधाने बराही होत नाही.

आता असा घोडा एखाद्या अनभिज्ञ स्वाराच्या हाती पडला, तर काय होईल? दिवसभर शहाण्यासारखा वागलेला घोडा संध्याकाळी ओढ्याकाठी एकाएकी थबकतो. पुढे पाऊल टाकीत नाही. लहानशा आवाजाने दचकतो. ओळखीच्या दारातही अडखळतो. स्वाराला वाटते, घोडा हट्टी आहे. तो चाबूक उगारतो. बिचाऱ्या मुक्या प्राण्याला आपली अडचण सांगता येत नाही. परंतु ज्याला रंग वाचता येतो, त्याच्या मनात पाहताक्षणीच शंका येते. पुठ्ठ्यावर पांढरी झूल आहे आणि तिच्यात ठिपका एकही नाही, हे पाहून तो सांजवेळी घोड्याची परीक्षा घेतो, जरूर तर जनुकीय तपासणी करवितो. मग तो त्याला दिवसाउजेडी तबेल्यात आणतो, कुंपणाची तार मोकळी लोंबू देत नाही, त्याच्या चाऱ्यापाण्याची जागा सारखी बदलत नाही. एवढ्या जपणुकीने तो घोडा सुखाने नांदतो. व्हार्निश रोन घोड्याच्या अंगी एक प्रत आहे की दोन, हे नुसत्या डोळ्यांनी नेहमीच कळत नाही. म्हणून त्याच्या बाबतीत तर ही तपासणी विशेष उपयोगी पडते.

करड्या घोड्याची काळजी निराळी. उतारवयात त्याच्या कातडीवर, विशेषतः शेपटीखाली, काळ्या गाठी येण्याचा संभव इतर घोड्यांहून फार अधिक असतो. म्हणून त्याच्या अंगावर वेळोवेळी हात फिरवून पाहावे लागते. ॲपलूसा घोड्यांत डोळ्यांना वारंवार सूज येण्याचा एक विकार इतर जातींपेक्षा अधिक आढळतो; तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागले, तर वैद्याला बोलावण्यास विलंब करता कामा नये. साध्या रोन घोड्याला यांपैकी कोणताही धोका केवळ त्याच्या रोन रंगामुळे येत नाही. दुरून सारखे दिसणारे तीन घोडे, आणि तिघांची निगा तीन प्रकारची. ओळख चुकली तर निगाही चुकते.

घोड्यांच्या अंगावरचे हे ठिपके फार प्राचीन आहेत. फ्रान्स देशात पेश मेर्ल नावाची एक गुहा आहे. तिच्या भिंतीवर सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने अंगभर ठिपके असलेले दोन घोडे रंगवून ठेवले आहेत. ते ठिपके चित्रकाराच्या कल्पनेतले असावेत, की त्याने असे घोडे खरोखर पाहिले होते, याविषयी अभ्यासकांत मतभेद होता. २०११ साली संशोधकांनी माणसाने पाळण्यापूर्वीच्या काळातील एकतीस घोड्यांच्या हाडादातांची जनुकीय तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी सहा घोड्यांत ठिपक्यांचे तेच जनुक आढळले. म्हणजे असे घोडे त्या काळी युरोपात खरोखरच नांदत होते. गुहेतील चित्रकाराने आपल्या डोळ्यांपुढचा घोडा नीट पाहिलेला असावा, या मताला त्यामुळे मोठे बळ मिळाले.

निमीपू लोकांनीही आपल्या घोड्यांचा नाद सोडला नाही. ज्यांना दूर देशी नेण्यात आले होते, त्यांपैकी उरलेले लोक १८८५ साली वायव्येकडे परत आले. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आयडाहो संस्थानातील लापवाई येथे त्यांनी ॲपलूसा आणि मध्य आशियातील अखल-टेके या जातींच्या संकरातून पुन्हा स्वतःचा घोडा तयार करण्यास प्रारंभ केला. आयडाहो संस्थानाने तर १९७५ सालीच ॲपलूसा हा आपला राज्य-अश्व म्हणून घोषित केला होता. ज्या घोड्यांचे कळप एकेकाळी हिरावून घेतले गेले, त्यांची ओळख अशा रीतीने जपली गेली.

घोड्याच्या अंगावरील पांढरे केस कोणालाही दिसतात. नाकाच्या हाडावर उरलेला गडद पट्टा, ओठांवरची चित्तरकथा, गडद पायाखालच्या खुरावरची फिकट रेघ, या गोष्टी मात्र जो थांबून पाहतो त्यालाच दिसतात. आणि रंगाचा पालट तर जो वर्षानुवर्षे टिपून ठेवतो त्यालाच कळतो. अशी नजर असलेल्या माणसाच्या हाती घोडा निर्धास्त असतो.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे द्या.
(अ) ‘ॲपलूसा’ हे नाव कशावरून पडले असे मानले जाते?
(आ) रोन घोड्याच्या शरीराचे कोणते भाग मूळ रंगाचे राहतात?
(इ) पेश मेर्ल ही गुहा कोणत्या देशात आहे?

२. थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) व्हार्निश रोन घोड्याच्या अंगावर गडद रंग कोठे कोठे टिकून राहतो?
(आ) गडद डाग हाडामुळे राहिला आहे की जखमेमुळे आला आहे, हे कसे ओळखावे?
(इ) संध्याकाळी थबकणाऱ्या घोड्याला हट्टी समजणे का योग्य नाही?

३. रोन, व्हार्निश रोन आणि करडा या तीन घोड्यांतील भेद मुख, वय आणि निगा या तीन मुद्द्यांना धरून सांगा.

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : परिपाठ, वाखाणणी, दुजोरा, अनभिज्ञ, निर्धास्त.

५. आपल्या परिसरातील एखाद्या गाईचे, बैलाचे किंवा कुत्र्याचे रंगवर्णन असे लिहा, की ते वाचून अनोळखी माणसालाही तो प्राणी कळपातून ओळखता यावा. सहा महिन्यांनी तेच वर्णन पुन्हा ताडून पाहा आणि आढळलेला फरक लिहून ठेवा.